डोळे तिसऱ्या दिवशी

कळमनुरीच्या बाजारात कादरमामूंचं फ्रेमचं दुकान आहे. काच कापायची, लाकडी पट्टी ठोकायची, मागून पुठ्ठा लावून बारीक खिळे मारायचे, हे काम ते चाळीस वर्षं करतात. पूर्वी लग्नसराईत त्यांच्याकडे पंधरा-पंधरा दिवस थांबावं लागायचं. आता निम्म्या दुकानात मोबाईलची कव्हरं टांगलेली असतात आणि येणारा प्रत्येक जण तीच मागतो.

आम्ही मात्र फ्रेमा आणायला गेलो होतो. अठरा फ्रेमा. सव्वीस जानेवारीला गावच्या वाचनालयात जुन्या फोटोंचं प्रदर्शन भरवायचं ठरलं होतं. गावातले अल्बम एकेक करून भंगारवाल्याच्या गाड्यावर चालले होते आणि कोणाला त्याचं काही वाटत नव्हतं. आम्ही तिघं, म्हणजे मी, रुद्र आणि साधना, घरोघर फिरून जेवढे वाचवता आले तेवढे गोळा केले. त्या दिवशी गुरुवार होता, बावीस जानेवारी. रात्रीचे आठ वाजून गेले होते. चार फ्रेमा व्हायच्या राहिल्या होत्या आणि आम्हाला त्या आजच न्यायच्या होत्या.

शाळा समितीचा एक जुना फोटो होता. खुर्च्यांवर सात माणसं. त्यातल्या एका आजोबांचे डोळे नेमके मिटलेले. रुद्रनं त्या फोटोवर मोबाईल धरला.

"मामू, हा ठोकू नका लगेच. या आजोबांचे डोळे ॲपमधी उघडून घेतो. दोन सेकंदाचं काम हाय. मंग नवी प्रिंट लावू."

मामूंची हातोडी थांबली.

"हयात हाय का तो?"

"कोण?"

"ज्याचे डोळे उघडून राहिला, तो."

"न्हाई. लई वर्षं झाली वारून."

"लई वर्षं झाली न्हवं? मंग उघड." हातोडी पुन्हा सुरू झाली.

साधनाला अर्धवट बोलणं चालत नाही. ती म्हणाली, "आणि हयात असते तर?"

"तरी बी उघडायचे. मधल्याचे उघडायचे न्हाईत."

"मधला कोण?"

मामूंनी तोंडातला खिळा काढून हातात घेतला. "मेलेला. पण अजून घरातच असलेला."

रुद्र हसला. मामू हसले नाहीत. त्यांनी उठून शटर अर्धं खाली ओढलं, कव्हरांवरचा दिवा बंद केला आणि स्टुलावर येऊन बसले. म्हणाले, "आता हसून घे. मी थांबतो. ऐकीव न्हाई सांगत मी. साजीदनं मला सोता सांगितलं, इथं बसून. साजीद म्हंजे माझा जिगरी. डोंगरकड्याला फोटो स्टुडिओ हाय त्याचा."

मग त्यांनी जे सांगितलं ते असं.

साजीदभाईंनी काम शिकलं नांदेडला, एका उस्तादाच्या हाताखाली. तेव्हा रोलचे कॅमेरे होते. खेड्यात कित्येक माणसं जन्मात एकदाही कॅमेऱ्यापुढं उभी राहायची नाहीत. मग अशी एखादी म्हातारी वारली की घरचे लोक धावत स्टुडिओत यायचे. फोटोग्राफरनं जायचं, मयताच्या पाठीला उशी लावायची, पदर नीट करायचा आणि फोटो काढायचा. डोळे अर्थातच मिटलेले. ते नंतर निगेटिव्हवर उघडायचे. टोकदार पेन्सिल आणि ब्लेडचं टोक, एवढंच सामान. डोळा कसा होता ते समजावं म्हणून घरातलंच एखादं माणूस समोर बसवायचं. मुलगी, नात, जिची ठेवण सारखी असेल ती. महिन्यानं फोटो भिंतीवर चढायचा आणि म्हातारी घरच्यांकडे बघायला लागायची.

उस्ताद हे काम साजीदभाईंना मनापासून शिकवायचे. फक्त एक बजावून ठेवलं होतं. डोळे तिसऱ्या दिवशी. राख सावडून झाल्यावरच निगेटिव्हला पेन्सिल लावायची, त्याच्या आधी नाही. घरच्यांनी कितीही घाई केली तरी नाही.

"काहून?" रुद्रनं विचारलं.

"ते उस्तादनं सांगितलं न्हाई. साजीदनं बी इचारलं न्हाई. तवा काहून इचारायची रीत न्हवती."

"तीच तर आपली गोची हाय मामू."

"व्हय बाबा. तू इचारत जा." मामू म्हणाले. "आता ऐक."

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. नऊ जानेवारी, मंगळवार. संध्याकाळी साडेसहाला साजीदभाईंना फोन आला. डोंगरकड्यापासून सात किलोमीटर आत एक गाव आहे. मामूंनी नाव सांगितलं नाही. तिथला संतराम बोलत होता. त्याची आई, केशरबाई, दुपारी चारला वारली होती. बहीण पुण्याहून निघाली होती, म्हणून माती दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला ठेवली होती. तोवर मयत घरातच राहणार.

"साजीदभाई, मायचा फोटो न्हाई हो," संतराम म्हणाला. "होते ते सारे जुन्या मोबाईलमधी होते. तो गेला खराब होऊन. आधारावरला एक हाय, पण त्याच्यात माय वळखू येत न्हाई."

"आधारावर कोणीच येत न्हाई," साजीदभाई म्हणाले. "आलोच मी."

ते मोटारसायकलवर गेले. बरोबर नवा डिजिटल कॅमेरा. असलं काम त्यांना वीस वर्षांत आलं नव्हतं. पुढच्या खोलीत केशरबाईला जमिनीवर ठेवलेलं होतं, डोक्याशी दिवा होता. शेजारी तिची नात शितल बसली होती, नऊ वर्षांची. आजीचा हात तिनं धरून ठेवला होता आणि कोणी कितीही सांगितलं तरी सोडत नव्हती. ती रोज आजीच्याच कुशीत झोपायची. साजीदभाईंनी तिला उठवलं नाही. तिला थोडं बाजूला सरकवून चेहऱ्याचे चार-पाच फोटो घेतले आणि म्हणाले, "तेरवीच्या अगोदर फ्रेम करून देतो."

"फ्रेम सावकाश द्या. फोटो आज पाहिजे," संतराम म्हणाला. "ग्रुपवर बॅनर टाकायचा हाय. पाव्हण्यांना कळलं तर पाहिजे ना, माती कवा हाय ते."

"मंग असाच टाका."

"डोळे मिटलेला? असा कोणी टाकते का? तुमच्या पोरीला येते म्हनं कम्प्युटरवर डोळे उघडता."

"येते. पण आमच्या कामात ते तिसऱ्या दिवशी करतात."

"तिसऱ्या दिवशी बॅनर टाकून काय करू साजीदभाई?" संतराम म्हणाला. "चांगली दिसू द्या ना तिला. एवढंच म्हनून राहिलो."

उस्ताद जाऊन पंधरा वर्षं झाली होती. निगेटिव्ह राहिलं नव्हतं, पेन्सिल राहिली नव्हती. मग नियम तरी कशाचा पाळायचा, असं साजीदभाईंच्या मनात आलं. ते बरं म्हणाले.

"तिथं चुकला," मामू म्हणाले.

साजीदभाईंची मुलगी कहकशा. नांदेडला कम्प्युटरचं शिकलेली. स्टुडिओ खरं तर आता तीच चालवते. तिनं फोटो घेतला, एक-दोन ठिकाणी क्लिक केलं आणि स्क्रीनवर केशरबाईनं डोळे उघडले. साजीदभाई मागे उभे होते. एका डोळ्याला त्यांना एक रात्र लागायची.

त्यांनी विचारलं, "आँखें किसके लगायी?"

"किसके भी नहीं अब्बा. वो खुदीच बनाता."

नऊ बावन्नला फोटो संतरामला गेला. दहाच्या आत बॅनर तयार होता. दोन्ही बाजूंना समया, खाली फुलं, मधे केशरबाई. भावकीचा ग्रुप, गावचा ग्रुप, संतरामच्या दहावीच्या बॅचचा ग्रुप, बचत गटाचा ग्रुप. लोकांनी हात जोडले आणि तोच फोटो आपापल्या स्टेटसला ठेवला. साजीदभाई जेवून झोपले.

अकरा पस्तीसला फोन वाजला.

संतराम. पण बोलेना. मागे कोणाचाही आवाज नाही. मयताच्या घरात रात्री भजन असतं, निदान कुजबुज तरी असते.

"संतराम? बोल ना."

"साजीदभाई... तुमी डोळे उघडले न्हाई का..."

"व्हय. पोचला न्हाई का फोटो?"

"पोचला." मग, "मायनं बी उघडले."

साजीदभाईंनी त्याला समजावलं. असं होतं कधी कधी. पापण्या ढिल्या पडतात, अंग ताठ होताना वर सरकतात. ओला कापूस ठेवा, राहतील मिटून.

बारा दहाला पुन्हा फोन.

"कापूस ठेवला. पडला."

"परत ठेव."

"तीनदा ठेवला. साजीदभाई, मायचे डोळे घारे होते. साऱ्या गावाला ठाऊक हाय." संतराम श्वास घ्यायला थांबला. "हे काळे हायेत."

साजीदभाई अंथरुणावर उठून बसले.

"आणि... शितलकडं पाहून राहिली."

"म्हंजे?"

"पोरीला उचलून आमी आत नेलं. तर डोळे आतल्या दाराकडं. शेजारच्या घरात नेलं. तर त्या भिंतीकडं. जिकडं पोरगी तिकडं... लेकरू रडत बी न्हाई हो. बोलत न्हाई. हातपाय गार पडून राहिले तिचे. इथल्या म्हाताऱ्या म्हनून राहिल्या, जिच्याकडं पाहते तिला सोबत नेते. मातीच्या अगोदर डोळे मिटवा म्हनतात. कसे मिटवू?"

शेवटचं वाक्य तो अगदी हळू बोलला.

साजीदभाईंनी कहकशाला उठवलं. तिनं कम्प्युटरमधून फोटो पुसला. संतरामनं ग्रुपवरचे बॅनर काढायला सुरुवात केली. पण लोकांनी तो पुढं पाठवला होता. पुढच्यांनी त्याच्या पुढं. कहकशा बसल्या जागी स्टेटस बघत होती. डोंगरकड्याच्या दुकानदाराच्या फोनवर केशरबाई. तिच्या मैत्रिणीच्या नवऱ्याच्या फोनवर केशरबाई. नांदेडला, पुण्याला. ज्यांनी ठेवला ते झोपले होते. त्यांच्या फोनात ती जागी होती.

"अब्बा, ये अब बंद नहीं होता," कहकशा म्हणाली.

साजीदभाई दाराला टेकून उभे राहिले. निगेटिव्ह असतं तर? त्यांना आठवलं, एकदा एका घरच्यांना उघडलेले डोळे पसंत पडले नव्हते. त्यांनी स्पिरिटचा बोळा फिरवला होता. पेन्सिल निघून गेली, डोळे मिटले. एका हाताचं काम. कारण ते एकच होतं. सगळ्या जगात त्या बाईचं तेवढं एकच निगेटिव्ह. ते ज्याच्या हातात, त्याच्या हातात सगळं.

आता एकही नव्हतं.

मग एक तरी करावं लागेल, असं त्यांना वाटलं. ती आत्ता जशी आहे तशी, उघड्या डोळ्यांची, रोलवर घ्यायची. आणि जी पेन्सिल जन्मभर डोळे उघडायला वापरली, तिनं हे मिटवायचे. हे होईल का, ते त्यांना माहीत नव्हतं. कोणी शिकवलं नव्हतं. दुसरं काही सुचतही नव्हतं.

कपाटाच्या माथ्यावर जुना कॅमेरा होता. पेटीसारखा, वरून खाली वाकून बघायचा. डब्यात शेवटचा एक रोल. बारा फोटोंचा. त्याची तारीख २००९ सालीच संपली होती.

सव्वा वाजता ते निघाले. थंडी मरणाची. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केळीच्या बागा. सात किलोमीटरमध्ये एक माणूस नाही, एक कुत्रं नाही. खिशातला मोबाईल सारखा थरथरत होता. त्यांनी गाडी थांबवून तो बंद केला.

घरासमोर सगळे अंगणात बसले होते. बायका, पुरुष, सगळे. आत कोणीही नव्हतं. संतराम तेवढा उंबऱ्यात.

"पोरगी?"

संतरामनं शेजारच्या घराकडं बोट केलं. तिथं त्याची बायको, बेबीबाई, शितलला पोटाशी घेऊन बसली होती. "आता हाक मारली तर बी पाहत न्हाई," तो म्हणाला.

साजीदभाई आत गेले.

ट्यूबलाईट चालू होती. केशरबाई तशीच पडलेली. मान सरळ. फक्त डोळे... बाजूच्या भिंतीकडं. भिंतीपलीकडे ते घर होतं.

त्यांनी स्टूल ओढलं. कॅमेरा त्यावर ठेवला. मग त्यांच्या लक्षात आलं. दोन्ही डोळे समोरून मिळायला हवेत. नाहीतर पेन्सिल कुठं लावणार? म्हणजे ती बघते आहे तिथंच उभं राहायला हवं. तिच्या आणि त्या भिंतीच्या मधे.

तिच्या आणि पोरीच्या मधे.

ते उभे राहिले. स्टूल सरकवलं. खाली वाकून पेटीत पाहिलं. त्या कॅमेऱ्यात चित्र उलट दिसतं, डावं उजवीकडं. काचेवर छोटी केशरबाई. ती त्यांच्याकडं बघत नव्हती. त्यांच्यातून आरपार, पाठीमागं बघत होती.

ते थांबले.

उजेड कमी. रोल जुना. एक सेकंद तरी कॅमेऱ्याची झडप उघडी ठेवावी लागणार. मयताचा फोटो तसा सोपा असतो. माणूस हलत नाही.

काचेवर काहीतरी हललं.

पापणी नाही. मान नाही. बुबुळं. सावकाश... जवळ आली. आरपार बघायची थांबली.

आता ती त्यांच्याकडं बघत होती.

त्यांनी बटण दाबलं. एक सेकंद. रोल पुढं फिरवला. परत. एक सेकंद. परत.

तिसऱ्या फोटोला शेजारच्या घरातून शितलचा आवाज आला. मोठ्यानं, गळा काढून रडण्याचा. त्या रात्रीत पहिल्यांदा. संतराम धावत तिकडं गेला. अंगणातले सगळे धावले.

खोलीत साजीदभाई एकटे.

त्यांनी वर पाहिलं नाही. कॅमेरा उचलला. दाराकडं चालत गेले. चार पावलं. पाठीवर काहीतरी असल्यासारखं... ते मागं वळले नाहीत.

स्टुडिओची अंधारी खोली आता कागदाची रिमं ठेवायची खोली झाली होती. कहकशानं ती मोकळी केली. रोल धुवायच्या औषधाच्या जुन्या पुड्या सापडल्या, पाणी कोमट केलं. रोल धुताना उजेडाचा कणही चालत नाही. साजीदभाईंनी दार लावलं. अंधारात, दोन्ही हातांनी, रोल ताटलीतून वर-खाली करायचा. आणि मोजायचं. सहाशेपर्यंत.

एक. दोन. तीन.

अशा अंधारात डोळे उघडे असले काय नि मिटले काय. सारखंच. चारशेच्या आसपास त्यांना कळेना, आपले डोळे उघडे आहेत की नाही. त्यांना वाटलं उघडे आहेत. खात्री करायला त्यांनी मनगट वर नेऊन पापणीला लावलं.

मिटलेले होते.

ते मोजत राहिले. चारशे अकरा. चारशे बारा.

पावणेचारला त्यांनी ओली पट्टी दिव्यासमोर धरली. निगेटिव्हमध्ये सगळं उलट असतं. केशरबाईचे पांढरे केस काळेभोर दिसत होते, तरण्या बाईसारखे. चेहरा काळा. आणि त्या काळ्यात बुबुळांच्या जागी दोन स्वच्छ उजेडाची भोकं.

पंखा लावून पट्टी वाळवली. तीनपैकी दुसरा फोटो निवडला. पेन्सिल सुईसारखी केली. मनगट टेबलाला टेकवलं. उजवा डोळा आधी. ठिपका, ठिपका, ठिपका. उजेड कमी होत गेला. बुजला. मग डावा. शेवटी ब्लेडच्या टोकानं पापणीची रेघ. चार पस्तीस झाले होते.

साजीदभाईंनी बंद केलेला फोन चालू केला आणि बाप-लेक त्याच्याकडं बघत बसले. आपण होऊन लावायची हिंमत दोघांतही नव्हती.

चार पन्नासला वाजला.

"साजीदभाई," संतराम म्हणाला. "मिटले. आपोआप मिटले." मागे लोक बोलत होते. "पोरगी चहा मागून राहिली."

सकाळी दहाला माती झाली. तिसऱ्या दिवशी राख सावडली. शितल आता पाचवीत आहे आणि शाळेच्या खो-खोच्या संघात खेळते, असं मामूंनी आवर्जून सांगितलं.

मग रुद्रनं खाकरून घसा साफ केला. "मामू, मेल्यावर पापण्या उघडतात. त्याला शास्त्रात कारण हाय. ट्यूबच्या उजेडात घारे डोळे काळे दिसू शकतात. पोरगी तर घाबरलेलीच होती."

"असंल," मामू म्हणाले. "तू शिकलेला हायेस. माझं काय म्हननं न्हाई."

"मंग आमाला काहून सांगितलं?" रुद्रनं विचारलं.

मामू उठले. मागच्या कपाटातून त्यांनी एक खाकी पाकीट काढलं. "साजीदनं ती पट्टी मला आणून दिली. त्याच आठवड्यात. घरात ठेवायची न्हाई म्हनला, जाळायचं धाडस बी न्हाई. तुझ्याकडं ठेव म्हनला. पुन्यांदा पाहिली बी न्हाई त्यानं. कुलपात हाय, माझ्याबिगर कोणी हात लावला न्हाई. त्यानं फोटो काढले तीन. पुढचा रोल कोरा पायजे."

त्यांनी त्या पट्टीतून कात्रीनं कापलेला एकच तुकडा बाहेर काढला, चौकोनी, चहाच्या बशीच्या निम्मा. कडेला ४ आकडा होता.

"हा चौथा. मोतीबिंदू वाढला माझा, आता भिंगानं बी बारीक दिसत न्हाई. तुमी तरणी पोरं. नीट पाहून सांगा मला."

साधनानं तो कडेनं धरला. रुद्रनं मागून मोबाईलचा दिवा लावला. वाचनालयासाठी आम्ही शेकडो निगेटिव्ह पाहिली होती, त्यामुळे उलटं चित्र वाचायला वेळ लागला नाही.

वर पत्रे. पत्र्यांखाली एक काळा दांडा, म्हणजे ट्यूबलाईट. स्टुलाचे पाय अगदी जवळ, मोठे. स्टुलावर पेटीसारखा कॅमेरा. आणि कॅमेऱ्यावर वाकलेला दाढीवाला माणूस, हनुवटीकडून दिसणारा. हा फोटो खालून घेतलेला होता. जमिनीवरून. कोणीतरी उताणं पडून वर बघावं, तसा.

"हे साजीदभाई?" साधनानं विचारलं.

"व्हय. डोळे पाहा त्याचे."

तिनं तुकडा तिरपा केला. चेहरा ज्वारीच्या दाण्याएवढा होता. त्याच्यावर काहीतरी चमकलं. पेन्सिल चमकते तशी. बारीक, एकापुढं एक ठिपके, सराईत हाताचे. तिनं मला दाखवलं. मी रुद्रला दाखवलं. रुद्रनं दिवा आणखी जवळ आणला.

"भरलेत," साधना म्हणाली. "डोळे पेन्सिलनं भरलेत."

"किती?"

"म्हणजे?"

"एक का दोन, पोरी."

तिनं पुन्हा पाहिलं. खात्री करून घेतली.

"दोन्ही."

मामूंनी हात पुढं केला. साधनानं तुकडा त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी तो पाकिटात घातला, पाकीट दुमडलं आणि मांडीवर ठेवलं.

"दिवाळीत मी पाहिला तवा एकच भरलेला होता," ते म्हणाले.